विल्यम टिंडेल

विल्यम टिंडेल (जन्म: अंदाजे इ.स. १४९४, ग्लॉस्टरशायर, इंग्लंड. मृत्यू: ऑक्टोबर, इ.स. १५३६, व्हिल्वोर्ड, ब्राबांट) हे सोळाव्या शतकातील इंग्रज धर्मपंडित, भाषांतरकार आणि धर्मसुधारक होते. मूळ ग्रीक व हिब्रू भाषांतून बायबलचे इंग्रजी भाषांतर करून ते छापून प्रसिद्ध करणारे ते पहिले होत. धर्माधिकाऱ्यांच्या अनुमतीवाचून असे भाषांतर करण्यास इंग्लंडमध्ये बंदी असल्याने त्यांनी आयुष्याची शेवटची बारा वर्षे परदेशात काढली. अखेर विश्वासघाताने पकडले जाऊन पाखंडाच्या आरोपावरून त्यांना देहदंड झाला.

टिंडेल यांचे नाव धर्मेतिहासाबरोबरच इंग्रजी भाषेच्या इतिहासातही महत्त्वाचे मानले जाते. इंग्रजीत रोज वापरले जाणारे अनेक वाक्प्रचार त्यांच्या भाषांतरातून रूढ झाले आहेत. इ.स. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलने त्यांची शब्दरचना मोठ्या प्रमाणावर जशीच्या तशी घेतली. त्यामुळे या वाक्प्रचारांचे श्रेय दीर्घकाळ त्या ग्रंथाला दिले जात असे.

पार्श्वभूमी

मध्ययुगात पश्चिम युरोपातील चर्चमध्ये बायबल लॅटिन भाषेत वाचले जाई. 'व्हल्गेट' या नावाने ओळखले जाणारे हे भाषांतर चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी केले होते. लॅटिन न जाणणाऱ्या सामान्य माणसाला धर्मग्रंथातील मजकूर पुरोहिताच्या तोंडूनच कळत असे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑक्सफर्डचे जॉन विक्लिफ आणि त्यांचे सहकारी यांनी व्हल्गेटवरून इंग्रजी भाषांतर तयार केले. ते हस्तलिखित स्वरूपात पसरले. त्यावर उपाय म्हणून कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस अरुंडेल यांनी इ.स. १४०९ मध्ये नियम जारी केले. धर्माधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बायबलच्या कोणत्याही भागाचे इंग्रजीत भाषांतर करणे किंवा असे भाषांतर वाचणे या नियमांनी निषिद्ध ठरवले.

जर्मन भाषेतील छापील बायबल इ.स. १४६६ पासून उपलब्ध होते. इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्सटन यांनी इ.स. १४७६ मध्ये छापखाना आणला, तरी पुढील पन्नास वर्षे छापील इंग्रजी बायबल निघाले नाही. याच सुमारास नेदरलँड्सचे विद्वान इरॅस्मस यांनी इ.स. १५१६ मध्ये नव्या कराराची मूळ ग्रीक संहिता छापून प्रसिद्ध केली. मार्टिन लूथर यांनी तिच्या आधारे केलेले जर्मन भाषांतर इ.स. १५२२ मध्ये बाहेर पडले. टिंडेल यांच्या कार्याला या दोन घटनांची पार्श्वभूमी होती.

बालपण व शिक्षण

टिंडेल यांचा जन्म ग्लॉस्टरशायर परगण्यात, वेल्सच्या सीमेजवळील प्रदेशात झाला. हा भाग शेती आणि लोकरीच्या कापडाचा व्यापार यांसाठी प्रसिद्ध होता. त्यांचे कुटुंब हिचिन्स हे आडनावही लावत असे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील मॅग्डलेन हॉल येथे त्यांचे शिक्षण झाले. इ.स. १५१२ मध्ये त्यांनी बी.ए. व इ.स. १५१५ मध्ये एम.ए. ही पदवी मिळवली. त्यांना पुरोहितपदाची दीक्षाही मिळाली होती. पुढे काही काळ ते केंब्रिजला होते, असे मानले जाते. ग्रीक, लॅटिन, हिब्रू, जर्मन, फ्रेंच इत्यादी भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते. त्या काळी इंग्लंडमध्ये हिब्रू जाणणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, त्यामुळे या भाषेचा त्यांचा बराचसा अभ्यास युरोपच्या मुख्य भूमीवर झाला असावा.

लिटल सॉडबरी येथील वास्तव्य

इ.स. १५२१-२२ च्या सुमारास टिंडेल हे ग्लॉस्टरशायरमधील लिटल सॉडबरी येथे सर जॉन वॉल्श यांच्या घरी मुलांचे शिक्षक म्हणून राहू लागले. तेथे त्यांनी इरॅस्मस यांच्या 'एन्किरिडियन' या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले. वॉल्श यांच्या पंक्तीला येणाऱ्या स्थानिक धर्मगुरूंशी त्यांचे वारंवार वाद होत. बायबलचा आधार देऊन टिंडेल त्यांची मते खोडून काढत. त्यामुळे पाखंडी मतांची तक्रार होऊन त्यांना वूस्टर धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागले. मात्र त्या वेळी कोणतीही शिक्षा झाली नाही.

या काळातील एक प्रसंग चरित्रकार जॉन फॉक्स यांनी नोंदवला आहे. ईश्वराच्या नियमांपेक्षा पोपचे नियम अधिक गरजेचे आहेत, अशा आशयाचे विधान एका विद्वान धर्मगुरूने केले. त्यावर, आपल्याला आयुष्य लाभले तर नांगर हाकणाऱ्या पोरालाही या विद्वानापेक्षा धर्मग्रंथ अधिक कळेल अशी व्यवस्था आपण करू, असे टिंडेल यांनी त्याला सुनावले. प्रत्यक्षात त्यांनी आपले भाषांतर अशाच वाचकाला नजरेसमोर ठेवून केले.

लंडनमधील प्रयत्न

भाषांतराचे काम कायदेशीर मार्गाने व्हावे, अशी टिंडेल यांची प्रथम इच्छा होती. त्यासाठी इ.स. १५२३ मध्ये ते लंडनला गेले आणि तेथील बिशप कथबर्ट टन्स्टॉल यांच्याकडे त्यांनी आश्रय मागितला. टन्स्टॉल स्वतः ग्रीकचे जाणकार आणि इरॅस्मस यांचे स्नेही होते. आपल्या योग्यतेचा पुरावा म्हणून टिंडेल यांनी आयसोक्रेटीस या ग्रीक वक्त्याच्या एका भाषणाचे भाषांतर सोबत नेले होते. आपल्या घरी जागा नाही, असे सांगून बिशपांनी त्यांना परत पाठवले.

त्यानंतर हंफ्रे मॉनमथ या कापड व्यापाऱ्याने त्यांना सुमारे सहा महिने आपल्या घरी ठेवून घेतले. लंडनमध्येच नव्हे, तर संपूर्ण इंग्लंडमध्ये हे काम करता येईल अशी जागा नाही, अशी या काळात टिंडेल यांची खात्री झाली. इ.स. १५२४ मध्ये ते जर्मनीला रवाना झाले आणि पुन्हा मायदेशी परतले नाहीत.

नव्या कराराचे भाषांतर

इ.स. १५२५ मध्ये कलोन येथील पीटर क्वेंटेल यांच्या छापखान्यात नव्या कराराची छपाई सुरू झाली. विल्यम रॉय हे टिंडेल यांचे मदतनीस होते. लूथरचे विरोधक योहान कॉकलेयस यांना छापखान्यातील कामगारांकडून या गुप्त कामाचा सुगावा लागला आणि त्यांनी नगरातील अधिकाऱ्यांना खबर दिली. धाड पडण्यापूर्वीच टिंडेल व रॉय छापील फर्मे घेऊन नावेने ऱ्हाईन नदीतून वर्म्सकडे निसटले. कलोनच्या आवृत्तीपैकी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायापर्यंतचा भाग शिल्लक आहे. तो ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेला आहे.

इ.स. १५२६ मध्ये वर्म्स येथे पीटर शोफर यांच्या छापखान्यात संपूर्ण नवा करार छापून झाला. पुस्तक खिशात मावेल एवढ्या लहान आकाराचे होते आणि त्यावर भाषांतरकाराचे नाव नव्हते. किती प्रती छापल्या याविषयी तीन हजारांपासून सहा हजारांपर्यंत अंदाज केले जातात. कापडाच्या गठ्ठ्यांत व इतर मालात लपवून या प्रती इंग्लंडच्या बंदरांत उतरवल्या जात.

बिशप टन्स्टॉल यांनी त्याच वर्षी या पुस्तकाचा निषेध केला आणि लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलजवळ त्याच्या प्रती जाहीरपणे जाळण्यात आल्या. इतिहासकार एडवर्ड हॉल यांनी दिलेल्या वृत्तांतानुसार पुढे टन्स्टॉल यांनी अँटवर्प येथे एका व्यापाऱ्यामार्फत शिल्लक प्रती विकत घेऊन नष्ट करण्याचे ठरवले. हा व्यापारी टिंडेल यांच्या परिचयाचा होता. या व्यवहारातून मिळालेल्या पैशातून टिंडेल यांचे कर्ज फिटले आणि सुधारित आवृत्तीच्या खर्चाची सोय झाली, असे हॉल सांगतात.

वर्म्स आवृत्तीच्या आज केवळ तीन प्रती ज्ञात आहेत. त्यांपैकी एक सेंट पॉल कॅथीड्रलच्या ग्रंथालयात आहे. दुसरी ब्रिटिश लायब्ररीने इ.स. १९९४ मध्ये दहा लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन विकत घेतली. मुखपृष्ठासह पूर्ण असलेली तिसरी प्रत इ.स. १९९६ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथील ग्रंथालयात आढळली.

अँटवर्प येथील कार्य

यानंतरचा बहुतेक काळ टिंडेल अँटवर्पमध्ये राहिले. हे शहर छपाई आणि व्यापार यांचे मोठे केंद्र होते आणि तेथे इंग्रज व्यापाऱ्यांची वसाहत होती. इ.स. १५२८ मध्ये त्यांचे 'द ओबिडियन्स ऑफ अ ख्रिश्चन मॅन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. राजसत्तेवर पोपचा अधिकार चालत नाही, हे त्यातील प्रतिपादन राजा आठवा हेन्री याला आवडल्याचे सांगितले जाते. मात्र इ.स. १५३० मधील 'द प्रॅक्टिस ऑफ प्रिलेट्स' या पुस्तकात टिंडेल यांनी राणी कॅथरीन हिच्याशी झालेला विवाह मोडण्याच्या हेन्रीच्या बेताला विरोध केला आणि राजाची नाराजी ओढवून घेतली.

इ.स. १५३० मध्येच त्यांनी जुन्या करारातील पहिल्या पाच ग्रंथांचे हिब्रूवरून केलेले भाषांतर प्रसिद्ध केले. हिब्रूतून थेट इंग्रजीत झालेले हे पहिले छापील भाषांतर होय. त्यापाठोपाठ योनाचे पुस्तक निघाले. इ.स. १५३४ मध्ये नव्या कराराची काळजीपूर्वक सुधारलेली आवृत्ती छापण्यात आली. या आवृत्तीची चर्मपत्रावर छापलेली एक प्रत राणी ॲन बोलीन हिच्याकडे होती. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.

इ.स. १५३१ मध्ये राजाचे मंत्री थॉमस क्रॉमवेल यांच्या वतीने स्टीफन व्हॉन यांनी टिंडेल यांची अँटवर्पजवळ भेट घेतली व मायदेशी परतण्याचा आग्रह केला. राजाने कोणाचेही असो, पण बायबलचे इंग्रजी भाषांतर कोणत्याही टीकेविना प्रजेला वाचू द्यावे. तसे झाल्यास आपण लेखन थांबवू आणि राजा देईल ती शिक्षा भोगू, अशी तयारी टिंडेल यांनी दर्शवली. ही अट मान्य झाली नाही.

थॉमस मोर यांच्याशी वाद

'यूटोपिया'चे लेखक व पुढे इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सलर झालेले सर थॉमस मोर हे टिंडेल यांचे सर्वांत प्रखर टीकाकार होते. मोर यांनी इ.स. १५२९ मध्ये टिंडेल यांच्या भाषांतरावर टीका करणारा ग्रंथ लिहिला. टिंडेल यांनी इ.स. १५३१ मध्ये त्याला उत्तर दिले. मोर यांनी इ.स. १५३२-३३ मध्ये त्याचे विस्तृत खंडन प्रसिद्ध केले.

वादाचा मोठा भाग मोजक्या शब्दांच्या निवडीविषयी होता. श्रद्धावंतांच्या समूहासाठी असलेल्या ग्रीक शब्दाला टिंडेल यांनी 'चर्च' याऐवजी 'काँग्रिगेशन' हा प्रतिशब्द योजला. 'प्रीस्ट' म्हणजे पुरोहित याऐवजी त्यांनी ज्येष्ठ या अर्थाचा शब्द, प्रथम 'सीनियर' व नंतर 'एल्डर', वापरला. 'पेनन्स' म्हणजे प्रायश्चित्त याच्या जागी 'रिपेंटन्स', तर 'चॅरिटी'च्या जागी 'लव्ह' हा शब्द त्यांनी घातला. या बदलांमुळे धर्मसंस्था, पुरोहितवर्ग आणि प्रायश्चित्तविधी यांचा ग्रंथातील आधारच नाहीसा होतो, अशी मोर यांची हरकत होती. टिंडेल यांच्या मते ग्रीक शब्दांचे अर्थ तेच होते आणि इरॅस्मस यांनीही आपल्या लॅटिन भाषांतरात तशीच मोकळीक घेतली होती.

मराठी बायबलमध्ये या चार ठिकाणी अनुक्रमे मंडळी, वडील, पश्चात्ताप आणि प्रीती हे शब्द रूढ आहेत. अर्थाच्या दृष्टीने ते टिंडेल यांनी निवडलेल्या शब्दांच्या जवळचे आहेत.

अटक व देहदंड

अँटवर्पमध्ये टिंडेल इंग्रज व्यापारी टॉमस पॉइंट्झ यांच्या घरी राहत असत. इ.स. १५३५ मध्ये हेन्री फिलिप्स हा तरुण तेथे आला. तो चांगल्या घरातील असला, तरी त्याने वडिलांचे पैसे जुगारात उडवले होते. त्याने टिंडेल यांच्याशी मैत्री जोडली. पॉइंट्झ यांना त्याचा संशय आला होता, परंतु टिंडेल यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. मे महिन्यात पॉइंट्झ बाहेरगावी असताना फिलिप्स टिंडेल यांना जेवणासाठी घेऊन निघाला. फॉक्स यांच्या वृत्तांतानुसार त्याच सकाळी त्याने त्यांच्याकडून उसने पैसेही घेतले होते. घराबाहेरच्या अरुंद बोळात त्याने टिंडेल यांना पुढे केले आणि मागून बोटाने खूण करून दबा धरून बसलेल्या शिपायांच्या ताब्यात दिले. फिलिप्सला या कामासाठी कोणी पैसे पुरवले, हे निश्चितपणे उघड झालेले नाही.

टिंडेल यांना ब्रसेल्सजवळील व्हिल्वोर्ड येथील किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथे ते सुमारे सोळा महिने कैदेत होते. क्रॉमवेल यांनी त्यांच्या सुटकेसाठी पत्रे पाठवली. पॉइंट्झ यांनी अधिक धडपड केली. परिणामी त्यांना स्वतःला अटक झाली. ते निसटले, पण त्यांचा व्यापार बुडाला. लूव्हाँ विद्यापीठातील धर्मपंडितांनी टिंडेल यांची चौकशी केली. त्यांपैकी याकोबस लातोमस यांच्याशी त्यांचा लेखी वादविवादही झाला.

कैदेतील टिंडेल यांचे एक लॅटिन पत्र उपलब्ध आहे. हिवाळ्याच्या तोंडावर लिहिलेल्या या पत्रात त्यांनी आपल्या जप्त सामानातून उबदार टोपी, अंगरखा व पायांसाठी कापड मागितले आहे. अंधारात एकटे बसणे कंटाळवाणे होत असल्याने संध्याकाळी दिवा मिळावा, अशी विनंतीही त्यात आहे. मात्र सर्वांत अधिक आग्रह हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण आणि हिब्रू शब्दकोश यांसाठी आहे. ही पुस्तके त्यांना मिळाली किंवा नाही, याची नोंद सापडत नाही.

इ.स. १५३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांना पाखंडी ठरवून पुरोहितपदावरून दूर करण्यात आले. ऑक्टोबरच्या आरंभी त्यांना खांबाला बांधून प्रथम गळा आवळण्यात आला आणि नंतर देह जाळण्यात आला. परंपरेने ६ ऑक्टोबर हा त्यांचा स्मृतिदिन पाळला जातो. परमेश्वराने इंग्लंडच्या राजाचे डोळे उघडावेत, अशी प्रार्थना त्यांनी अखेरच्या क्षणी केली, असे फॉक्स यांनी लिहिले आहे. त्यांचे प्रतिस्पर्धी मोर यांनाही राजाचे धर्मप्रमुखत्व नाकारल्याबद्दल इ.स. १५३५ च्या जुलैमध्ये, टिंडेल कैदेत असतानाच, देहदंड झाला होता.

मृत्यूनंतर

टिंडेल यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच इ.स. १५३७ मध्ये 'मॅथ्यू बायबल' राजाच्या परवान्याने प्रसिद्ध झाले. टिंडेल यांचे सहकारी जॉन रॉजर्स यांनी टोपणनावाने संपादित केलेल्या या ग्रंथात टिंडेल यांचा नवा करार व पहिली पाच पुस्तके होतीच. यहोशवापासून इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकापर्यंतचे त्यांचे अप्रकाशित भाषांतरही त्यात होते, असे अभ्यासक मानतात. उरलेला भाग माइल्स कव्हरडेल यांचा होता. इ.स. १५३९ मध्ये याच मजकुराच्या आधारे 'ग्रेट बायबल' तयार झाले आणि ते प्रत्येक चर्चमध्ये ठेवण्याचा राजाचा आदेश होता.

तरीही इ.स. १५४३ च्या कायद्याने टिंडेल यांच्या भाषांतरावर नाव घेऊन बंदी घातली. त्याच कायद्याने शेतकरी, मजूर, उमेदवार आणि खालच्या थरातील स्त्रिया यांना इंग्रजी बायबल वाचण्यास मनाई केली. अशा रीतीने टिंडेल यांनी ज्याच्यासाठी भाषांतर केले त्याच वाचकाला कायद्याने ते नाकारले. त्याच वेळी चर्चमध्ये अधिकृतपणे वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात त्यांचेच शब्द होते.

पहिला जेम्स याच्या आदेशाने सुमारे सत्तेचाळीस विद्वानांनी तयार केलेले किंग जेम्स बायबल इ.स. १६११ मध्ये बाहेर पडले. इ.स. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भाषाशास्त्रीय गणनेनुसार त्यातील नव्या कराराचे सुमारे ८४ टक्के शब्द टिंडेल यांच्या भाषांतराशी जुळतात. जुन्या करारातील जी पुस्तके त्यांनी भाषांतरित केली, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ७६ टक्के आहे.

भाषाशैली

टिंडेल यांच्या काळी विद्वानांचे गद्य लॅटिनच्या धर्तीवर लांब व गुंतागुंतीच्या वाक्यांचे असे. टिंडेल यांनी बोलभाषेतील लहान शब्द आणि लहान वाक्ये निवडली. हिब्रूची वाक्यरचना लॅटिनपेक्षा इंग्रजीला अधिक जवळची आहे, असे त्यांचे मत होते. त्यामुळे हिब्रूतील अनेक लकबी त्यांनी शब्दशः इंग्रजीत आणल्या आणि त्या तेथे रुळल्या. त्यांची वाक्ये मोठ्याने वाचल्यास सहज लक्षात राहतात. इंग्लंडमधील बहुसंख्य लोक निरक्षर असल्याने ग्रंथ वाचण्यापेक्षा ऐकणारेच अधिक होते. त्यामुळे हा गुण महत्त्वाचा ठरला.

इंग्रजीत रूढ झालेले वाक्प्रचार

टिंडेल यांच्या भाषांतरात आढळणारे व आजही प्रचलित असलेले काही शब्दप्रयोग व त्यांचे अर्थ पुढीलप्रमाणे आहेत.

• स्केपगोट: दुसऱ्याच्या दोषाचे खापर ज्याच्या माथी फोडले जाते अशी व्यक्ती. लेवीय या पुस्तकात दोन बोकडांचा विधी आहे. एकाचा बळी दिला जातो. दुसऱ्याच्या मस्तकावर लोकांची पापे ठेवून त्याला रानात सोडून दिले जाते. 'अझाझेल' या दुर्बोध हिब्रू शब्दाचा अर्थ निघून जाणारा बोकड असा लावून टिंडेल यांनी हा शब्द घडवला. मराठीत यासाठी 'बळीचा बकरा' असे म्हणतात. मात्र मूळ विधीतील हा बोकड मारला जात नसून जिवंत सोडला जातो.

• द पॉवर्स दॅट बी: ज्यांच्या हाती सत्ता आहे ते, सत्ताधारी किंवा वरिष्ठ. मूळ संदर्भ राजसत्तेच्या आज्ञापालनाचा आहे. आज तो बहुधा काहीशा उपरोधाने वापरला जातो.

• अ लॉ अनटू वनसेल्फ: कोणाचेही नियम न जुमानता स्वतःच्या मर्जीने वागणारा. मूळ ठिकाणी अर्थ वेगळा असून, नियमशास्त्र ठाऊक नसतानाही सदसद्विवेकाने योग्य वागणाऱ्यांचे ते कौतुक आहे.

• माय ब्रदर्स कीपर: दुसऱ्याच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी असलेला. भावाचा खून केल्यानंतर काइन जबाबदारी झटकण्यासाठी देवाला उलट प्रश्न करतो, त्या प्रसंगातून हा प्रयोग आला आहे.

• द स्पिरिट इज विलिंग, बट द फ्लेश इज वीक: मनात इच्छा आहे, पण शरीर साथ देत नाही. दैनंदिन व्यवहारात आळसाची किंवा मोहाला बळी पडल्याची सबब म्हणूनही हा प्रयोग होतो.

• साइन्स ऑफ द टाइम्स: बदलत्या काळाची लक्षणे, काळाची पावले.

• ईट, ड्रिंक अँड बी मेरी: उद्याची चिंता न करता आज मौज करावी. मूळ बोधकथेत कोठारे भरून निश्चिंत झालेल्या श्रीमंत माणसाचा हा विचार आहे आणि त्याच रात्री त्याला मृत्यू गाठतो. म्हणजे मुळात तो उपदेश नसून इशारा आहे.

• फाइट द गुड फाइट: योग्य कारणासाठी नेटाने झुंज देणे.

• फिल्दी ल्यूकर: अनीतीने मिळवलेला पैसा. आता कोणत्याही पैशाला विनोदाने असे म्हटले जाते.

• द सॉल्ट ऑफ द अर्थ: साधी, सचोटीची व भरवशाची माणसे. अन्नाला चव आणणारे व ते टिकवणारे मीठ हा यामागील आशय आहे.

• द ॲपल ऑफ वन्स आय: अत्यंत लाडकी व्यक्ती. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ डोळ्यातला छोटा माणूस, म्हणजे बुबुळात दिसणारे प्रतिबिंब, असा सांगितला जातो. मराठीतही बुबुळाच्या मध्यभागाला 'बाहुली' म्हणतात.

श्रेयाविषयी मतभेद

वरील सर्वच प्रयोग टिंडेल यांनी नव्याने घडवले, असे म्हणता येत नाही. मिठाचा दृष्टान्त विक्लिफ परंपरेतील भाषांतरात आधीच जवळपास त्याच शब्दांत आहे. डोळ्याविषयीचा प्रयोग त्याहूनही जुना आहे. ईश्वर व मानव यांचा समेट या अर्थाचा 'ॲटोनमेंट' हा शब्द टिंडेल यांनी घडवल्याचे अनेकदा सांगितले जाते. परंतु समेट या सामान्य अर्थाने तो मोर यांच्या लेखनात त्यापूर्वीच आढळतो. टिंडेल यांनी त्याला धार्मिक अर्थ मिळवून दिला.

दुसरीकडे, बायबलमधून आलेले काही प्रसिद्ध प्रयोग टिंडेल यांच्या नावावर चुकीने टाकले जातात. येऊ घातलेल्या संकटाची स्पष्ट सूचना या अर्थी भिंतीवरील अक्षरांचा उल्लेख दानीएलच्या पुस्तकातून, थोडक्यात बचावणे या अर्थी दातांच्या कातडीचा उल्लेख ईयोबाच्या पुस्तकातून, तर समुद्रात खसखस या अर्थी बादलीतील थेंबाचा उल्लेख यशयाच्या पुस्तकातून आला आहे. ही पुस्तके भाषांतरित करण्यापूर्वीच टिंडेल यांना अटक झाली होती.

भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी इ.स. २०१० मधील आपल्या पुस्तकात किंग जेम्स बायबलशी जोडले जाणारे २५७ प्रयोग तपासले. त्यांपैकी केवळ १८ प्रयोग त्या आवृत्तीत प्रथम आढळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उरलेले टिंडेल व इतर पूर्वीच्या भाषांतरांतून आलेले आहेत.

भारतीय भाषांशी संबंध

सामान्य माणसाला त्याच्या बोलीत मूळ भाषेवरून केलेले बायबल मिळावे, हे टिंडेल यांचे उद्दिष्ट पुढे प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी जगभर स्वीकारले. विल्यम कॅरी यांनी बंगालमधील सिरामपूर येथून इ.स. १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. पंडिता रमाबाई यांनी केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये ग्रीक व हिब्रू शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर इ.स. १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्यापाड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांनाही ते समजावे, अशी त्यांची दृष्टी होती.

स्मारके

इ.स. १८६६ मध्ये ग्लॉस्टरशायरमधील नॉर्थ निबली येथील टेकडीवर टिंडेल यांच्या स्मरणार्थ १११ फूट उंच मनोरा उभारण्यात आला. लंडनमध्ये थेम्सच्या काठी व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर इ.स. १८८४ मध्ये त्यांचा पुतळा बसवण्यात आला. व्हिल्वोर्ड येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. बीबीसीने इ.स. २००२ मध्ये घेतलेल्या जनमत चाचणीत शंभर थोर ब्रिटिश व्यक्तींच्या यादीत त्यांना २६ वे स्थान मिळाले. त्यांचे स्वतःचे सविस्तर आधुनिक चरित्र डेव्हिड डॅनियल यांनी लिहिले असून ते इ.स. १९९४ मध्ये प्रकाशित झाले.